स्वीडनमधल्या सोदरतेल्येहून पत्र: मारानाथा आणि सुमनचा साखरपुडा

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त. मी मजेत आहे. थंडीचे कपडे भरपूर आहेत, जेवणही वेळेवर होतं.

आई, दर रविवारी देवळात जातो. मराठी उपासना इथे नाही, म्हणून सिरियाक ऑर्थोडॉक्स मंडळीत बसतो; ही पूर्वेकडची जुनी ख्रिस्ती मंडळी, तिची उपासना अरामीतून निघालेल्या सिरियाक भाषेत होते. यांतले बरेचसे तुर्कस्तानातल्या तूर अब्दीन या भागातले. 1967 पासून हे लोक स्वीडनला येऊ लागले. तिथे बसतो म्हणजे आपली मंडळी सोडली असं नाही, हे बाबांना नीट सांग.

त्यांची एक रीत मला आधी कळेचना. उपासनेत शांतीचा सलाम वेदीकडून निघतो आणि हातोहात बाकांवर येतो. शेजारी वळला की त्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, मग आपले हात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवायचे आणि तीच शांती पुढच्याला द्यायची. हे हस्तांदोलन नव्हे. अनोळखी म्हाताऱ्यासुद्धा मला वगळत नाहीत.

तुमच्या महिला मंडळात गाण्यातल्या 'मारानाथा' शब्दाच्या अर्थावरून जो वाद आहे, त्याबद्दल: त्यातला 'नाथा' आपला नाथ नव्हे. शब्द अरामी आहे, येशूच्या बोलीतला. 'मारान' म्हणजे आमचा प्रभू. इथल्या प्रार्थनेत तोच 'मोरान' म्हणून ऐकू येतो. प्रेषित पौलाने बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र ग्रीकमध्ये लिहिलं, पण शेवटी स्वतःच्या हाताने सलाम लिहिताना हा शब्द तसाच ठेवला (16:22). जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. 'मारान आथा' तोडलं तर 'आमचा प्रभू आला आहे', 'माराना था' तोडलं तर 'आमच्या प्रभू, ये'. मला दुसरं पटतं, कारण बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटी (22:20) हीच हाक ग्रीकमध्ये आहे. यरुशलेमेतले पहिले विश्वासी अशीच प्रार्थना करत असणार. म्हणून तर ग्रीक मंडळ्यांनीही 'आमेन'सारखा तो बदलला नाही. मंडळात वाचून दाखव, पण जोशीकाकूंना दुखवू नकोस. 'नाथा' म्हणून त्या मनापासूनच गातात.

सुमनच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. सुट्टी मिळाली असती, पण तिकिटाचे पैसे हॉलसाठी पाठवले तर जास्त उपयोग, असं मीच ठरवलं. सव्वा लाख सोमवारी जमा होतील. तिला मी फोन करतो, तुम्ही आधी बोलू नका. लग्नाला नक्की येईन. माझ्या स्थळाचं तोवर राहू द्या. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा; मागच्यासारखं नंतर सांगू नका.

तुमचा,
राजू