एकाच बॉक्सिंग लढतीचे दोनदा पैसे का कापले?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे भरून पाहायच्या) लढतीचा पास मुख्य लढतीआधीच बंद झाल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातला (जि. यवतमाळ) शेतकरी. तुमची टीव्हीची छत्री (डिश) सहा वर्षांपासून घरावर आहे. क्रीडा वाहिन्यांच्या पॅकचे पैसे दर महिन्याला भरतो, एकदाही थकवले नाहीत.

माझी मुलगी बॉक्सिंग शिकते. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हापासून पोरीने ध्यासच घेतला आहे. तिने लास वेगासची लढत पाहायचा हट्ट धरला. ही लढत आमच्या पॅकमध्ये नव्हती, वेगळे पैसे मागितले. तुमच्या मेसेजमध्ये ४९९ रुपये लिहिले होते, कापले ५८८ रुपये ८२ पैसे. जीएसटी धरून किती होतात, हे आधी कुठेच दिसलं नाही. आमच्या गावात निंदणाची रोजी ३०० रुपये आहे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. तरी पोरीसाठी दिले.

खरी तक्रार पुढे आहे. "आजच बुक करा" असा तुमचा मेसेज आला, म्हणून शनिवारी रात्री नऊला बुक केलं. रविवारी सकाळी गल्लीतली पंधरा-वीस पोट्टे-पोट्टी आमच्या छपरीत येऊन बसली. दोन-अडीच तास आधीच्या लढती चालल्या. नऊ वाजता मुख्य लढतीचे बॉक्सर रिंगकडे निघाले आणि पडदा काळा झाला. पासची मुदत बुकिंगपासून बारा तासांची होती म्हणे! उन्हाळ्यात लास वेगासची वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. तिकडे रात्री साडेआठला सुरू होणारी लढत इथे सकाळी नऊला दिसणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? मग रात्री बुक करायला लावता कशाला?

ग्राहक सेवेला फोन लावला तर उत्तर मिळालं, "पुन्हा पैसे भरा." वर हेही ऐकवलं की अमेरिकेत याहून महाग असतं. असतं, मलाही माहीत आहे. २०१५ च्या मेवेदर-पॅकियाव लढतीला तिकडच्या प्रेक्षकांनी ९० ते १०० डॉलर मोजले. पण तिकडची कमाई आणि आमच्या कापसाची कमाई एकाच तराजूत कशी घालता? लेकरं समोर बसली होती, म्हणून मी दुसऱ्यांदा पैसे भरले. एका लढतीचे ११७७ रुपये ६४ पैसे झाले.

लढत लवकर संपली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. १९८८ मध्ये टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत पाडलं होतं, हा खेळच तसा आहे. पण ज्या लढतीसाठी पैसे घेतले, तीच दाखवली नाही, हे मला मान्य नाही.

दुसऱ्या वेळचे ५८८ रुपये ८२ पैसे परत करावेत. पास लढत संपेपर्यंत चालावा आणि करासह पूर्ण किंमत बुकिंगआधीच दिसावी. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

दोन्ही वेळच्या पावत्या आणि तुमचा मेसेज सोबत जोडला आहे.

आपला ग्राहक