रोफीची मांडणी : मित्रास पत्र

पुणे, रविवार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप नीट चालतो आहे, हे वाचून फार बरे वाटले. संपादनाचे काम करताना प्रत्येक वेळी हात कीबोर्डवरून उचलून माउसकडे न्यावा लागतो, मेनूच्या याद्यांतून खाली-वर जावे लागते आणि तेवढ्यात मनातले वाक्य निसटते, ही तुझी तक्रार मला अगदी पटली. त्यावर कोणता लाँचर (नाव टाइप करताच प्रोग्रॅम उघडून देणारे साधन) घ्यावा आणि तो कसा बसवावा, असे तू विचारले आहेस. लाँचर निवडणे सोपे आहे. त्याच्यासमोर येणारी यादी तुझ्या कामाच्या मापाची करणे हेच खरे काम, आणि तेवढे केलेस तरच या साऱ्याचा उपयोग आहे. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तू रोफी घे. या जातीच्या साधनांत सर्वांत साधे आणि मूळचे म्हणजे २००६ सालापासून चालत आलेले डीमेनू. त्याच्याकडे ओळींची यादी सोपवायची, ते ती पडद्यावर दाखवते, आपण अक्षरे टाइप करत गेलो की यादी आक्रसत जाते, आणि निवडलेली ओळ ते परत देते. इतकी लहान आणि इतकी उपयोगी कल्पना संगणकाच्या जगात फार थोड्या वेळा सुचली असेल. तरीही मराठीत काम करणाऱ्या माणसाला मी डीमेनू सुचवत नाही, कारण ते अक्षरे काढण्यासाठी एक्सएफटी नावाची लायब्ररी थेट वापरते आणि तिला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी जायला हवी ती मागे राहते, अर्धी अक्षरे पाय मोडून सुटी पडतात. ज्याचा दिवस फाइलींची मराठी नावे वाचण्यात जातो, त्याला असा पडदा चालणार नाही. रोफी अक्षरे काढण्याचे काम पँगो या लायब्ररीकडे सोपवते, त्यामुळे 'क्ष', 'र्‍य', 'द्ध्य' सारे जागच्या जागी दिसते. रोफीचा पाया शॉन प्रिंगल यांच्या सिंपलस्विचर या लहानशा प्रोग्रॅममध्ये आहे. तो फक्त उघड्या खिडक्यांमध्ये ये-जा करण्यासाठी होता. पुढे डेव्ह डेव्हनपोर्ट यांनी तो वाढवला आणि त्यात प्रोग्रॅम सुरू करण्याची सोय आली. हा इतिहास मुद्दाम सांगतो आहे, कारण खिडक्या बदलणे हे रोफीचे मूळचे काम आहे आणि तुला त्याचाच अधिक उपयोग होणार आहे.

आता शॉर्टकट. एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या खिडकीत ॲप्लिकेशन शॉर्टकट्सचा भाग आहे. तिथे नवी नोंद करून रोफीची कमांड लिहायची आणि हवी ती कळ दाबायची. कमांडची नेमकी अक्षरे सोबतच्या फाइलच्या पहिल्या ओळीत आहेत. कळ मात्र विचार करून निवड. तू दिवसभर इंग्रजी आणि देवनागरीचा इनस्क्रिप्ट या दोन कीबोर्ड-लेआउटमध्ये ये-जा करतोस, आणि अनेक डेस्कटॉपवर शॉर्टकट कळेच्या जागेवरून नव्हे, तर तिच्यातून उमटणाऱ्या अक्षरावरून ओळखला जातो. सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि इंग्रजी 'डी' अशी जोडी ठेवलीस, तर देवनागरी चालू असताना तीच कळ भलतेच अक्षर देईल आणि लाँचर उघडेलच याचा भरवसा राहणार नाही. आय-थ्री हा खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम वापरणारे लोक अशा वेळी अक्षराऐवजी कळेचा क्रमांक देतात ('डी'च्या कळेचा एक्स या पडदा-व्यवस्थेतला क्रमांक ४० आहे) आणि त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. तुझ्यासाठी याहून सोपा उपाय आहे : सुपर आणि स्पेस. स्पेसची कळ दोन्ही लेआउटमध्ये स्पेसच राहते.

रोफी उघडताना त्याला कोणती यादी दाखवायची ते सांगावे लागते, आणि इथेच बहुतेक नवे लोक चुकीच्या वाटेला लागतात. 'रन' ही यादी मागितली तर संगणकावरची चालवता येण्याजोगी प्रत्येक कमांड समोर येते. त्यातल्या बहुतेकांची नावे तू कधी ऐकलेलीही नसतील. 'डीरन' ही यादी मेनूत दिसणाऱ्या प्रोग्रॅमांपुरती असते. 'विंडो' ही सर्व वर्कस्पेसवरच्या (आभासी पडद्यांवरच्या) उघड्या खिडक्यांची. माझे ठाम मत असे की तू अनेक याद्या एकत्र दाखवणारे 'कॉम्बी' वापरावेस आणि त्यात आधी विंडो, मग डीरन असा क्रम ठेवावास. असे केले की लिबरऑफिसच्या रायटरमध्ये उघडलेल्या हस्तलिखिताच्या नावातली दोन-तीन अक्षरे टाइप करताच, ते कोणत्याही वर्कस्पेसवर असो, त्याच्यावर जाता येते, कारण खिडकीच्या मथळ्यात फाइलीचे नाव असते आणि रोफी मथळ्यातही शोधते. ब्राउझर आधीच उघडा असेल तर तोच पुढे येतो, नसेल तर नवा सुरू होतो. 'हे उघडे आहे का' हा प्रश्न मनात आणावाच लागत नाही. मला स्वतःला या एका सोयीने जितका निवांतपणा दिला तितका दुसऱ्या कशाने दिला नाही.

शोधण्याच्या पद्धतीला हात लावू नकोस. मूळच्या पद्धतीत शब्दांचे तुकडे कोणत्याही क्रमाने दिले तरी चालतात. 'रायटर'चा तुकडा आधी आणि 'ऑफिस'चा नंतर, किंवा उलट. 'फझी' नावाची पद्धत अनेकांना आवडते, पण तीत विखुरलेली अक्षरेही जुळतात आणि लांब मराठी मथळ्यांच्या यादीत नको त्या ओळी वर येऊ लागतात. तसेच जुळणीनुसार ओळींचा क्रम बदलणारे 'सॉर्ट'ही बंदच असू दे. रोफी तू काय किती वेळा निवडतोस याची नोंद ठेवते आणि नेहमीचे प्रोग्रॅम आपोआप वर आणते, ते तसेच राहिलेले बरे. एखादी ओळ चुकून वर चढून बसली असेल तर ती निवडून शिफ्ट-डिलीट दाबले की तिची नोंद पुसली जाते. एकच ओळ उरताच ती आपोआप उघडण्याचीही एक सोय आहे. ती कृपा करून लावू नकोस. तू वेगाने टाइप करतोस, तेव्हा उरलेली अक्षरे थेट नव्या खिडकीत, कदाचित लेखकाच्या मजकुरात, जाऊन पडतील.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागेल. डीरनची यादी 'डॉट-डेस्कटॉप' नावाच्या लहान मजकूर-फाइलींवरून तयार होते. प्रत्येक प्रोग्रॅमची अशी एक फाइल युएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या वाटेवर असते. तीत नाव, कमांड, आयकॉन, शोधशब्द असे सारे सुटसुटीत ओळींत लिहिलेले असते. याच नावाची फाइल तू तुझ्या घरच्या फोल्डरात डॉट-लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या वाटेवर ठेवलीस तर मूळ फाइलीऐवजी तुझी वाचली जाते. अपडेट आले तरी तुझ्या फाइलीला धक्का लागत नाही, आणि तीत केलेला बदल रोफी पुढच्या वेळी उघडताच दिसतो.

या एका सोयीतून तीन कामे होतात. पहिले, नको त्या नोंदी लपवणे. एक्सटर्म आणि यूएक्सटर्मसारखे जे तू कधीच उघडणार नाहीस, त्यांच्या फाइलींची प्रत घेऊन तीत 'नो-डिस्प्ले'ची ओळ घाल. 'हिडन' अशीही ओळ असते, पण तिचा अर्थ प्रोग्रॅम जणू काढूनच टाकला असा होतो, आणि मग त्याच्याशी जोडलेले फाइलींचे प्रकारही सुटतात. 'नो-डिस्प्ले'ने तो फक्त यादीतून जातो.

दुसरे काम आपल्यासारख्यांसाठीचे आहे. इनस्क्रिप्ट चालू असताना रोफी उघडलेस तर टाइप केलेली अक्षरे देवनागरी येतात आणि लॅटिन लिपीतल्या नावांशी जुळत नाहीत. लेआउट बदलून पुन्हा टाइप करणे म्हणजे जो त्रास टाळायचा तोच दुसऱ्या दाराने घरात घेणे. म्हणून नेहमीच्या प्रोग्रॅमांच्या प्रतींत शोधशब्दांच्या ओळीवर देवनागरी शब्दही घाल, प्रत्येकानंतर अर्धविराम देऊन. फायरफॉक्ससाठी 'ब्राउझर', 'फायरफॉक्स'. फाइल मॅनेजरसाठी 'फोल्डर', 'फाइल'. तुला बोलताना जो शब्द सुचतो तोच लिही, इतरांनी ठरवलेला नको. एक बारकावा ध्यानात ठेव : तुझ्या डेस्कटॉपची भाषा मराठी असेल आणि फाइलीत मराठीसाठी राखलेली शोधशब्दांची वेगळी ओळ आधीपासून असेल, तर साध्या ओळीऐवजी तीच वाचली जाते. तेव्हा भर तिथेच घालावी लागते.

तिसरे काम म्हणजे स्वतःच्या नोंदी निर्माण करणे. प्रोग्रॅमच असला पाहिजे असे काही नाही. चालू पुस्तकाचे फोल्डर, मुद्रिते ठेवलेली जागा, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे जुने मराठी शब्दकोश, विश्वकोशाचे पान, या प्रत्येकासाठी एक चार-पाच ओळींची फाइल पुरते. शीर्षकाची ओळ, प्रकार, नाव, कमांड, आणि हवे तर शोधशब्द. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन कर. वाटेत मोकळी जागा असेल तर ती वाट दुहेरी अवतरणचिन्हांत लिही. आणि मराठी विकिपीडियासारख्या संकेतस्थळाचा पत्ता कमांडमध्ये घालताना विशेष काळजी घे. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटच्या आधी टक्क्याचे चिन्ह येते. डॉट-डेस्कटॉप फाइलीच्या कमांडच्या ओळीत मात्र टक्क्याच्या चिन्हाला स्वतःचा वेगळा अर्थ आहे, म्हणून तिथे प्रत्येक टक्का दोनदा लिहावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस अशा पत्त्यापुढे तासन्‌तास बसून राहील, इतकी ही गोष्ट नजरेआड राहणारी आहे.

दिसण्याबद्दल थोडेच लिहितो. रोफीच्या सेटिंगची फाइल डॉट-कॉन्फिगमधल्या रोफी या फोल्डरात 'कॉन्फिग डॉट रासी' या नावाने असते. ती नसेल तर रोफीलाच सांगून मूळ सेटिंग तिच्यात उतरवून घेता येतात. थीम निवडण्यासाठी रोफी-थीम-सिलेक्टर चालव. एंटरने थीम नुसती पाहता येते आणि ऑल्ट-ए ने पक्की होते. फॉन्ट मात्र स्वतः ठरव. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही लहान आकारातही स्वच्छ दिसतात. देवनागरीला ओळीच्या वर मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून थीममध्ये प्रत्येक ओळीच्या भोवतीची मोकळी जागा थोडी वाढव आणि एका वेळी ८ ओळीच दाखव. याहून लांब यादी वाचावी लागत असेल, तर आणखी एखादे अक्षर टाइप करणेच बरे.

पुढे कधी वेलँडवर (एक्सच्या जागी आलेल्या नव्या पडदा-व्यवस्थेवर) गेलास तर रोफीच्या २.० आवृत्तीपासून तिथेही सोय आहे. नोम या डेस्कटॉपच्या वेलँड सत्रात मात्र अशा लाँचरना लागणारी लेयर-शेल ही व्यवस्थाच नाही. एक्सएफसीईच्या सध्याच्या सत्रात तुला याची काळजी करण्याचे कारण नाही.

माझी सेटिंगची फाइल, आणि पुस्तकाचे फोल्डर व शब्दकोश यांच्या दोन नमुना नोंदी सोबत जोडतो आहे. नमुन्यांतल्या वाटा माझ्या संगणकावरच्या आहेत, त्या आधी बदल. सर्व शोधशब्द एकदम भरायला बसू नकोस. काम करताना जो शब्द टाइप केला आणि जुळला नाही, तो त्या संध्याकाळी त्या फाइलीत घाल. आणि हे फोल्डर तुझ्या हस्तलिखितांच्या बॅकअपमध्ये आठवणीने समाविष्ट कर.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा स्नेही मित्र