किती दाबाला?

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ज्यांच्या घरचं माणूस समुद्राखाली कामाला आहे त्यांनीही वाचावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

जानेवारीत बाबा मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, सॅच्युरेशनमध्ये गेले: डायव्हर दिवसचे दिवस दाबाच्या बंद खोलीत, चेंबरमध्ये, राहून काम करतात ते. चेंबरमधून फोन आला तर आवाज चिरका, निम्मे शब्द कळेनात. तिथे श्वासाला हेलियम मिसळलेला वायू देतात, त्याने आवाज तसा होतो हे ठाऊक होतं. पण त्याच रात्री माझ्या वाचनात आलं की दाबाखाली हेलियमचा श्वास घेणारे उंदीर थरथरू लागतात, पुढे त्यांना झटके येतात. आईला सांगायची हिंमत होईना. तुम्हाला फोन केला आणि अर्ध्या तासात तुम्ही ओटीवर येऊन बसलात.

"किती दाबाला?" एवढंच विचारलंत. ते मी बघितलंच नव्हतं. मग माझ्याच वहीत मांडून दाखवलंत: बाबांच्या ७० मीटरला ८ वातावरणं, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या आठपट दाब. उंदरांना झटके येतात ते याच्या कित्येक पट दाबाला. माणसाचे हात नुसते थरथरायलाही साधारण १५० मीटरच्या खाली जावं लागतं. उलट साध्या हवेवर बाबा ७० मीटरला गेले असते, तर नायट्रोजन दारूसारखा चढला असता. त्याचा दाब खूप वाढवला तर उंदीर आधी झोकांड्या खातो. मग उताणा ठेवला की त्याला पालथंही होता येत नाही. हेलियम असा चढत नाही, म्हणून तो वापरतात. आणि फार खोलवर त्याची थरथर सुरू झालीच, तर त्यात थोडा नायट्रोजन मिसळला की ती कमी होते!

तुम्ही सांगितलेला १९५० चा प्रयोग मला अजून विलक्षण वाटतो. दारूने निपचित पडलेली बेडकाची पिल्लं शंभराहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली पुन्हा पोहू लागली. दाबाने गुंगी उतरली.

शेळ्यांची गोष्ट मात्र मनात घर करून राहिलीय. लंडनला हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी शेळ्या लोखंडी टाकीत दाबाखाली ठेवल्या, मग दाब उतरवून त्यांच्याकडे बघत बसले. शेळी कुठे दुखतं ते सांगणार नाही. पण दाब घाईने उतरवला तर अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन दुखतं, आणि ती पुढचा एक पाय उचलून धरते, त्यावर भार देत नाही. त्या पायांवरून १९०८ साली डायव्हरला टप्प्याटप्प्याने वर आणण्याची कोष्टकं छापली गेली. बाबांना वर यायला इतके दिवस का लागतात ते मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. "माणसाचं हे दुखणं बहुधा खांद्यात, कोपरात," असं तुम्ही जाताजाता म्हणालात.

बाबा परवा आले. दारातच मी त्यांच्या खांद्यांकडे बघत राहिले. त्यांनी जड बॅग एका हाताने उचलून आत ठेवली, मग दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या घेतला. मी आईला तेव्हा सगळं सांगितलं.

रविवारी जेवायला या. बाबा वाट बघतायत.

तुमची,
उरणची पुतणी