ब्रँडीवाईनचं बी पाठवतोय

वेस्ट चेस्टर, पेनसिल्वेनिया
२ मार्च

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

नव्या घराचे फोटो मिळाले. घर छान आहेच, पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहत बसलो तो मागच्या अंगणाचा फोटो. दक्षिणेकडे मोकळं, दिवसभर ऊन, जमिनीला उतार नाही. अशी जागा नुसत्या हिरवळीला देऊ नकोस. सोबतच्या पाकिटात ब्रँडीवाईन टोमॅटोचं बी आहे. गेल्या हंगामात माझ्याकडे जे झाड सगळ्यात निरोगी राहिलं, त्याच झाडाचं.

नारायणगावच्या माणसाला टोमॅटो काय सांगायचा, असं तुला वाटेल. पण तुमच्या शेतातला टोमॅटो आणि हा, यांची जातकुळीच वेगळी. आबांच्या टोमॅटोला वीस किलोच्या क्रेटमध्ये बसून लांबच्या बाजारात पोहोचायचं असतं. त्याला कडक साल हवी, सारखा आकार हवा, आणि त्यावर घर चालतं, म्हणून ते योग्यच आहे. ब्रँडीवाईनची साल इतकी पातळ की फळ उचलताना अंगठा दाबला तरी वळ उठतो. झाडावरून ओट्यावर, एवढाच प्रवास त्याला झेपतो. त्यामुळे दुकानात तो सहसा दिसत नाही. ज्याला खायचा आहे त्याने लावायचा.

आणि लावणाऱ्यांनीच तो जगवला आहे. ब्रँडीवाईन हे आमच्या चेस्टर काउंटीतून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली १७७७ ची लढाई झाली तोच. १८८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स या बियाणे कंपनीने या नावाचा टोमॅटो विक्रीला आणला होता. पण आज लोक ज्या गुलाबी ब्रँडीवाईनवर जीव टाकतात, तो ‘सडथ’ वाण घराघरातून आला. टेनेसीतल्या सडथ घराण्यात तो ऐंशीएक वर्षं लावला जात होता. त्यांच्याकडून तो बेन क्विझेनबेरी या वयोवृद्ध बागायतदाराकडे गेला, आणि हे गृहस्थ तुझ्याच ओहायोतले! त्यांनी तो आयोवातल्या सीड सेव्हर्स एक्स्चेंजला दिला. जुनी वाणं लोकांच्या अंगणात टिकून राहावीत म्हणून ही संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. मधल्या एखाद्या माणसाने एखाद्या वर्षी कंटाळा केला असता, तर आज तुला पाठवायला माझ्याकडे काही नसतं. म्हणून हे पाकीट मी हौसेने नाही, जबाबदारीने पाठवतोय.

आता कामाचं. पेरणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घरातच कर. ट्रेमध्ये पाव इंच खोल, आणि माती उबदार राहू दे, पंचवीस अंशांच्या आसपास. आठवडाभरात कोंब दिसतील. मग खिडकीतल्या उजेडावर विसंबू नकोस, मार्चचं ऊन तिकडेही कोवळंच. ट्यूबलाईट रोपांच्या डोक्यावर दोन-तीन इंचांवर लाव, नाहीतर रोपं उंच आणि लेचीपेची होतात.

रोपं बोटभर झाली की पानं नीट बघ. या वाणाचं पान बटाट्याच्या पानासारखं असतं, रुंद आणि सरळ कडेचं. नेहमीच्या टोमॅटोसारख्या खाचा त्याला नसतात. अगदी पहिल्या पानांवरून ठरवू नकोस, तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत थांब. तेव्हाही एखाद्या रोपाला दातेरी पानं आली, तर त्यात दुसऱ्या टोमॅटोचा परागकण शिरला आहे असं समज आणि ते बाजूला काढ. सरळ कडेचं पान हा सुप्त गुण असल्यामुळे संकर झाला की तो पहिल्याच पिढीत झाकला जातो. बी शुद्ध आहे की नाही हे रोपवाटिकेतच कळतं, ही या वाणाची मोठी सोय आहे.

बाहेर लावायची घाई नको. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे असतो, तो होऊन जाऊ दे. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांच्या खाली जात नाही याची खात्री कर. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडी थोडी बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय कर. लावताना खालची पानं काढून खोड निम्म्याहून जास्त गाड, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. दोन झाडांत तीन फूट अंतर ठेव.

जागा नक्की करण्याआधी मात्र कुंपणापलीकडे एकदा डोकावून ये. तुमच्या भागात काळ्या अक्रोडाची झाडं खूप. त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य सुटतं आणि टोमॅटो त्याने उभा सुकतो, कितीही पाणी घाल. शेजाऱ्याच्या आवारात तसं झाड असेल तर त्यापासून लांब, शक्य तर मोठ्या वाफ्यात नवी माती भरून लाव. आणि हिरवळीवर तणनाशक मारलं असेल तर ते कापलेलं गवत आच्छादनाला वापरू नकोस. पानं पिळवटतात.

आधाराचं तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. इथे दुकानात तारेचे गोल पिंजरे मिळतात, ते या झाडाला पुरत नाहीत. आठ फुटांपर्यंत जातं हे. ऑगस्टमधल्या एका वादळात पिंजऱ्यासकट आडवं होतं. तुमच्या शेतात करता तसंच कर, बांबू, वर तार, आणि सुतळीने बांधणी. सुट्टीत तुझ्याकडे आलो की आबा आपल्याला बांधणीला लावायचे, गाठ सैल आठच्या आकड्यासारखी मारायला सांगायचे. तीच गाठ मी अजून मारतो. दोन मुख्य फांद्या ठेव आणि बाकीची बगलफूट आठवड्याला खुडत जा. वाढ थांबणारा हा वाण नाही, थंडी पडेपर्यंत शेंडा चालूच राहतो.

खताच्या बाबतीत हात आखडता घे. नत्र जास्त झालं की झाड जंगल होतं आणि फुलं येत नाहीत. लावताना चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाल, मग पहिली फळं धरल्यावर थोडं. पाणी बुंध्याशी, सकाळी, आणि नेमाने. आठ दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं झालं की फळं तडकतात. अनियमित पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि फळाचा खालचा भाग काळा पडून कुजतो. ठिबकची एक नळी टाकलीस तर हा प्रश्नच मिटतो.

बुंध्याशी गव्हाचं काड पसर आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढून टाक. करपा बऱ्याचदा जमिनीवरून उडालेल्या पावसाच्या शिंतोड्यांतून चढतो. हे झाड करप्याला फारसं तोंड देऊ शकत नाही, त्यामुळे हवा खेळती ठेवणं हाच खरा उपाय.

जुलैत एक बोटाएवढी जाड हिरवी अळी येईल, मागे शिंग असलेली. एका रात्रीत फांदी बोडकी करते. हाताने वेचून काढ. पण तिच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे दाणे चिकटलेले दिसले तर तिला हात लावू नकोस. ते एका बारीक गांधीलमाशीचे कोष असतात. त्या माशीच्या पिल्लांनी अळीला आतून खाल्लेलं असतं. ती आता झाडाला फार त्रास देणार नाही, आणि कोषांतून निघणाऱ्या माश्या तुझ्या पुढच्या अळ्या संपवतील. मी अशी अळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसून होतो.

फळं उशिरा येतात, लावल्यापासून तीन महिने धर. ऐन उन्हाळ्यात, दिवसा पारा बत्तिसाच्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की फुलगळ होते. धीर धर, हवा निवली की पुन्हा धरतात. एका झाडाला फळं कमीच, पण एकेक अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. आकार वेडावाकडा, देठाशी खांदे हिरवट. खाली गुलाबी झाक चढली की तोड आणि घरात पिकू दे, पावसात तडकण्यापेक्षा ते बरं. चव कमी होत नाही.

पहिलं फळ कापशील तेव्हा सालीचा एक तुकडा सोलून खिडकीच्या उजेडात धर. काचेसारखी स्वच्छ दिसेल. लाल टोमॅटोची साल पिवळी असते, आतल्या लाल गरावर ती पिवळी साल म्हणून आपल्याला शेंदरी-लाल दिसतो. इथे सालीला रंगच नाही, म्हणून तोच गर गुलाबी दिसतो. गर भरपूर, बिया थोड्या. याला शिजवू मात्र नकोस. जाड चकत्या, मीठ, बस. फार तर दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून कोशिंबीर, तीही फोडणी गार झाल्यावर. गोड आणि आंबट दोन्ही एकदम लागतं आणि मागे बराच वेळ चव राहते. दुकानातला टोमॅटो खाऊन वाढलेली तुझी मुलं काय म्हणतात ते मला ऐकायचं आहे.

ऑक्टोबरात पहिलं दव गोठायच्या आदल्या दिवशी झाडावरची सगळी हिरवी फळं उतरव. वहिनी हिरव्या टोमॅटोची तीळ-लसूण घातलेली चटणी करतात ना, तिला ती उत्तम.

आणि बी. जुलैत एक-दोन फुलांचे घोस उमलण्याआधीच जाळीच्या पिशवीत बांध, कारण या वाणाच्या फुलातली कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारं टोक, बऱ्याचदा बाहेर डोकावते आणि भुंग्यांना आयतं फावतं. फळ धरलं की पिशवी काढून त्या घोसाला दोरा बांध. ते फळ पूर्ण पिकू दे, मग गर बियांसकट वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबव. बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. धुऊन ताटलीत सावलीला वाळव, कागदावर नको, चिकटतात. चार-पाच वर्षं चांगलं उगवतं.

त्यातलं निम्मं तुझ्याकडे ठेव आणि निम्मं तिथल्या कुणाला तरी दे, ज्याच्या हाताला माती लागते अशा माणसाला. भारतात आबांकडे पाठवायचा मोह मलाही होतो, पण बियाणं असं टपालाने नेता येत नाही. आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि टोमॅटोचे विषाणू बियांवरून पसरतात हे बघता ते नियम बरोबर आहेत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे तुझ्याकडे येतोय. तेव्हा झाड पाहीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर

ता. क. पाकिटातलं सगळं बी एकदम पेरू नकोस. दहा-बारा दाणे मागे ठेव, एप्रिलात गरज पडली तर हाताशी असू देत.