वहीतल्या लाल बाणांबद्दल आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपल्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाले, वक्तशीरपणावर दोन भाषणे झाली, पण ज्या कामाबद्दल मला आपले आभार मानायचे होते त्याचा उल्लेख कोणी केला नाही आणि उठून बोलण्याची हिंमत मलाही झाली नाही. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण मास्टर डेटाच्या, म्हणजे सगळ्या विभागांनी वापरायच्या ग्राहकांच्या मूळ नोंदींच्या, कामात नव्याने पडणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल असे वाटते.

बिलिंग, विक्री आणि वसुली या तीन ठिकाणची ग्राहकांची माहिती एका मास्टर डेटा मॅनेजमेंट प्रणालीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझा सगळा जोर दुहेरी नोंदी शोधून मर्ज, म्हणजे एकत्र, करण्यावर होता. कोणती कंपनी कोणाची, हा प्रश्न मी एका रकान्यात मिटवला होता: प्रत्येक ग्राहकापुढे 'मूळ कंपनी', त्यात एक नाव, विषय संपला. जुळवणीच्या नियमात मी पॅन निर्णायक धरला. पॅन एक, तर ग्राहक एक. नियम पहिल्यांदा चालला त्याच रात्री एका ग्राहकाची पुण्यातील आणि गोव्यातील नोंद एकमेकींत मिसळली, आणि पुढच्या आठवड्यात गोव्यातील वेर्ण्याला गेलेल्या मालाचे बिल आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) सीजीएसटी आणि एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीवरचे केंद्राचे आणि राज्याचे कर) लावून, ग्राहकाच्या महाराष्ट्रातील क्रमांकावर निघाले. तेथील हिशेबनीसांनी ते परत पाठवले, कारण महाराष्ट्राच्या एसजीएसटीचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) गोव्यातील नोंदणीला घेता येत नाही.

ते बिल घेऊन मी आपल्या टेबलाशी आलो. आपण चष्मा वर सारला आणि जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या: पहिले दोन अंक राज्याचे, 27 महाराष्ट्र आणि 30 गोवा, पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन, तेरावे, त्या पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी ते. "पॅन मालकाचा, हा नंबर नोंदणीचा. तू दोन्ही एकाच खुंटीला टांगलेस," एवढेच आपण म्हणालात. मग खणातून ती लांबट, पुठ्ठ्याची वही काढली.

त्या वहीने माझे काम सोपे केले असे म्हणणार नाही; वाढवलेच. पानोपानी ग्राहकांची नावे चौकटीत आणि चौकटींमध्ये लाल पेन्सिलीचे बाण, प्रत्येक बाणावर एक अक्षर: मालकीसाठी 'म', बिलासाठी 'ब', माल पोचवण्यासाठी 'प', आणि पैसे भलत्याच कंपनीच्या खात्यातून येत असतील तर 'ख'. काही बाणांवर तारखा होत्या, काही खोडून शेजारी नवे काढलेले होते. चाकणच्या एकाच कारखान्याकडे चार बाण चार निरनिराळ्या चौकटींतून येत होते. माझ्या रकान्यात त्यांतला एकच मावला असता. मी ज्याला ग्राहकाचा गुणधर्म समजत होतो तो संबंध आपल्याकडे स्वतंत्र नोंद होता: कोणाकडून, कोणाकडे, कशा प्रकारचा, केव्हापासून, केव्हापर्यंत.

प्रणालीतही रिलेशनशिप, म्हणजे हा संबंध, तशीच मांडता येत होती. मीच मांडली नव्हती. पुढचे तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून आपण माझ्याबरोबर एन्टिटीचे, म्हणजे प्रत्येक चौकटीत कोण किंवा काय आहे त्याचे, प्रकार ठरवले: समूह, मालक, नोंदणी, पोचेचे ठिकाण. मग कोणत्या दोन प्रकारांमध्ये कोणता संबंध चालेल याचे नियम घातले, म्हणजे गोदामाने कंपनीची मालकी घेण्याचा प्रसंग येऊ नये. (दिशा उलटी भरल्यामुळे रांजणगावची छोटीशी उपकंपनी एक दिवसभर अख्ख्या समूहाची धनी होऊन बसली होती, ते आपण शेवटपर्यंत विसरला नाहीत.)

अर्ध्या-अर्ध्या भागीदारीतल्या त्या संयुक्त कंपनीवर मात्र आपण अडलो. कंपनी कायदा 2013 प्रमाणे मतदानाच्या हक्कांपैकी निम्म्याहून अधिक हक्क ज्याच्याकडे, किंवा संचालक मंडळाच्या रचनेवर ज्याचा ताबा, ती धारक कंपनी. येथे दोन्ही बाजूंकडे नेमके 50 टक्के आणि मंडळावर दोघांचे सारखेच संचालक. मी एकाला पॅरेंट, म्हणजे मूळ कंपनी, करून मोकळा होणार होतो. आपण दोन्ही बाण ठेवायला लावले, त्यांवर टक्केवारी लिहायला लावली आणि 'उपकंपनी' हा प्रकार न वापरता 'संयुक्त मालकी' असा वेगळा प्रकार करवून घेतला. उधारीची मर्यादा ठरवताना दोन्ही समूहांकडे पाहावे लागते, हे आपल्याला वसुलीच्या अनुभवातून ठाऊक होते. मला ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडले नसते.

तारखांचा आग्रहही आपलाच. एक कंपनी एका समूहाकडून दुसऱ्याकडे विकली गेली तेव्हा मी जुने नाव पुसून नवे लिहिले आणि मागच्या वर्षीची विक्रीसुद्धा अहवालात नव्या समूहाच्या नावे उडी मारून गेली. आता जुना संबंध 31 मार्चला संपतो, नवा 1 एप्रिलला सुरू होतो, आणि दोन्ही नोंदी राहतात.

आडनाव सारखे असलेल्या त्या दोन दुकानांचेही सांगायलाच हवे. मी त्यांना एका समूहात घातले होते. आपण पॅनचे चौथे अक्षर पाहायला सांगितले. दोन्हींत 'पी', म्हणजे व्यक्ती, पण व्यक्ती दोन, पॅन दोन. "पाटी एक म्हणून घर एक होत नाही, वाटण्या होऊन वीस वर्षे झाली," असे म्हणून आपण चहा मागवला.

आज वहीतले जवळजवळ सगळे बाण प्रणालीत आले आहेत आणि वेर्ण्याची बिले 30 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर, आयजीएसटी लावून निघतात. आपण जाताना वही माझ्या खणात ठेवून गेलात, ती मी खाकी कव्हर घालून जपली आहे. तिच्यातल्या चार बाणांपुढे आपल्याच अक्षरात 'विचारून घेणे' असे लिहिलेले आहे. कोणाला विचारायचे ते लिहिलेले नाही, त्यामुळे येत्या शनिवारी सकाळी दहानंतर, आपल्याला सवड असेल तर, मी आपल्यालाच फोन करणार आहे.

आपला कृतज्ञ,
मास्टर डेटा विभागातील आपला सहकारी