माऊस आमच्याच हातात ठेवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळासमूहाच्या तांत्रिक साहाय्य विभागात आपण रुजू झालात, त्याला या सत्राअखेरीस तीन वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त सर्व शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या वतीने आपले आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते माझ्याकडेच का आले हे आपल्याला ठाऊक आहे : मदतीच्या नोंदवहीत सर्वांत जास्त वेळा नाव माझेच आहे. हे पत्र खासगी न पाठवता उघडपणे लिहितो आहे, कारण नेटवर्क सुरळीत चालले, निकालपत्रके वेळेवर छापली गेली, कोणाचे खाते बंद पडले नाही, तर आपल्या विभागाची कोणाला आठवणही होत नाही. आठवण होते ती काही अडल्यावर, आणि तीही चढ्या आवाजात. तो आवाज अनेकदा माझाच होता, म्हणून आभारही चारचौघांत मानलेले बरे.

आपल्याआधी आम्हाला प्रशिक्षण मिळाले नव्हते असे नाही. सभागृहात एकाच वेळी साठ-सत्तर जण, समोर पडद्यावर भरभर सरकणाऱ्या स्लाइड, दर दहा मिनिटांनी ‘समजले ना सर्वांना?’ हा प्रश्न आणि त्यावर आमच्या हलणाऱ्या माना. वर्गात विद्यार्थी अशी मान हलवतात तेव्हा ती खोटी आहे हे आम्ही तत्काळ ओळखतो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्हीही तेच केले, कारण पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला सहकाऱ्यांदेखत ‘जतन केलेली फाइल कुठे गेली ते मला सापडत नाही’ असे म्हणणे फार जड जाते. पुढे २०२० मध्ये महासाथीमुळे १९० हून अधिक देशांतील शाळा बंद झाल्या, युनेस्कोच्या आकडेवारीनुसार सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला झळ बसली, आणि जगभरातल्या शिक्षकांबरोबर आम्हीही आठवडाभरात ऑनलाइन वर्ग घेऊ लागलो. पाण्यात ढकललेला माणूस हातपाय मारतो तसे ते शिकणे होते. बुडालो नाही, इतकेच त्याबद्दल म्हणता येईल.

आपण आलात तेव्हा पहिले दोन आठवडे एकही प्रशिक्षण घेतले नाहीत, याचे आम्हाला आश्चर्य वाटले होते आणि काहींनी त्याबद्दल कुजबुजही केली होती. आपण वही घेऊन शिक्षककक्षात, कार्यालयात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत बसत होतात आणि प्रत्येकाला एकच विचारत होतात : तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात जातो? संगणकाविषयी प्रश्न नव्हता, म्हणून उत्तरे खरी मिळाली. कोणी म्हणाले, तीच हजेरी तीन ठिकाणी भरावी लागते. ग्रंथपाल म्हणाल्या, पुस्तकाचे नाव शोधले की सापडत नाही, मात्र पुस्तक कपाटात असते. मी म्हणालो, घरी टंकलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडली की तिची लक्तरे होतात.

ग्रंथपालांची आणि माझी तक्रार मुळात एकच आहे हे आपण दाखवून दिलेत तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मी वर्षानुवर्षे एका जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन करीत होतो. माझ्या समजुतीने मी मराठी लिहीत होतो. आपण माझ्याच फाइलमधील एक ओळ निवडायला सांगितलीत, फॉन्टच्या यादीतून एक साधा इंग्रजी फॉन्ट लावायला सांगितलात, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस व टिंबे यांची खिचडी दिसू लागली. ‘सर, संगणकाने इतकी वर्षे हेच साठवले आहे. मराठी फक्त वरून चढवलेले सोंग होते,’ असे आपण म्हणालात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि म्हणून युनिकोडमधला क कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही फॉन्टमध्ये क म्हणूनच उघडतो व शोधल्यावर क म्हणूनच सापडतो, हे त्या एका ओळीवरून मला समजले. ग्रंथपालांची निम्मी सूची जुन्या फॉन्टमध्ये आणि निम्मी युनिकोडमध्ये होती. पुस्तके हरवली नव्हती, त्यांची नावे वेगळ्याच अक्षरांत नोंदली गेली होती.

त्यानंतर इनस्क्रिप्ट कळफलक शिकण्यासाठी आपण मला पंधरा दिवस रोज केवळ दहा मिनिटे दिलीत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, ही रचना समजल्यावर माझ्यातला व्याकरणशिक्षक खूश झाला. तरी एक शंका माझ्या मनात होती आणि ती मी थोड्या आडमुठेपणाने विचारली : ‘आचार्यांना निमंत्रण’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण’ यांतला भेद तुमच्या यंत्राला कळतो का? मराठीचा शिक्षक म्हणून मी हा भेद दरवर्षी फळ्यावर शिकवतो, आणि माझ्या जुन्या फॉन्टमध्ये तो नीट उमटत नसे. आपण हसलात नाही. र ज्या कळीवर आहे तिथेच शिफ्ट दाबून ऱ टंकायला, मग हलन्त आणि य द्यायला सांगितलेत, आणि पडद्यावर ऱ्य उमटला. माझ्या विषयातला प्रश्न आपण टाळला नाहीत, म्हणून आपल्या विषयातले पुढचे सगळे मी निमूटपणे शिकलो.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो; ती सर्वांना माहीत आहेच, पण लेखी नोंद असावी. दुसऱ्या सत्राच्या निकालपत्रकात ४२ विद्यार्थी होते आणि मला गुणांचा उतरता क्रम हवा होता. मी गुणांचा तेवढा स्तंभ निवडला, मध्ये एक इशारा देणारी चौकट आली ती न वाचता बंद केली, आणि क्रम लावला. गुण वरखाली सरकले, नावे मात्र जागची हलली नाहीत. परिणामी हजेरीत पहिला असलेला मुलगा वर्गातही पहिला आला, आणि खरोखर पहिली असलेली मुलगी, तिचे आडनाव वर्णक्रमात शेवटचे असल्यामुळे, नापास झाली. मी फाइल जतन केली, बंद केली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तिची वर्गशिक्षिका ते पत्रक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आपण आलात, खुर्ची मागे ओढून उभ्या राहिलात आणि दोन्ही हात पाठीमागे घेतलेत. हे आपण नेहमीच करता हे पुढे लक्षात आले. त्या दिवशी मात्र मला रागच आला होता, कारण आपण दोन मिनिटांत दुरुस्त करू शकाल हे मला दिसत होते. ‘वरच्या पट्टीत डावीकडून पाहा. नाही, त्याखाली. आता थांबा आणि चौकटीत काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा.’ मी वाचले. फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची यादी उघडली, आदल्या दिवशीची दुपारी दोनची आवृत्ती सापडली, नावे आणि गुण पुन्हा एकमेकांसमोर आले. पाऊण तास लागला. पण आपण तिथेच थांबला नाहीत. खोट्या नावांची एक यादी करायला लावून ती मुद्दाम तीन वेळा बिघडवायला आणि तीन वेळा पूर्ववत करायला सांगितलेत. मुद्दाम चुका करण्याचा गृहपाठ मी कधी कोणत्याही विद्यार्थ्याला दिला नव्हता. या वर्षी शुद्धलेखनासाठी तो देऊन पाहिला आणि बरा जमला.

मी ओशाळलो आहे हे पाहून आपण आणखी एक हकिकत सांगितलीत, आणि तिने शिक्षककक्षातील अनेकांना धीर दिला. आमचे गणिताचे सहकारी इयत्ता व तुकडी ‘७-२’ अशी लिहीत आणि स्प्रेडशीट तिची परस्पर तारीख करून टाकत असे. हजेरी क्रमांकाआधीचे शून्य गळून पडण्याचा प्रकारही त्यातलाच. ते स्वतःला दोष देत होते. आपण सांगितलेत की जनुकशास्त्रज्ञांनाही हेच भोगावे लागले : ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांच्या जनुकांचे एक्सेलमध्ये मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत रूपांतर होई, प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांतही त्या चुका शिरल्या होत्या, आणि २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अखेर अशी नावेच बदलून दिली. आम्हाला नावे बदलावी लागली नाहीत. नोंद करण्याआधी स्तंभाचे स्वरूप ‘मजकूर’ असे ठरवायचे, इतकाच उपाय होता.

पासवर्डच्या बाबतीत आपण दाखवलेल्या समंजसपणाचाही उल्लेख करायला हवा. पूर्वी दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती होती आणि आम्ही सगळे शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होत होतो. तोही विसरू नये म्हणून कागदाची चिठ्ठी कळफलकाखाली. आपल्याला अशा चिठ्ठ्या सापडल्या तेव्हा आपण कोणाचे नाव घेतले नाहीत. उलट अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ मधील मार्गदर्शिकेतून असे नियम कसे रुजले, तिचे लेखक बिल बर यांनीच पुढे त्याबद्दल खेद कसा व्यक्त केला, आणि २०१७ च्या सुधारित मार्गदर्शिकेने ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये असे का सांगितले, हे आपण समजावलेत. मग व्यवस्थापनाशी पत्रव्यवहार करून आमची सक्ती काढायला लावलीत, आणि तिच्या जागी लांब वाक्यवजा पासवर्ड व दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आणलीत. नियम पाळत नाहीत म्हणून माणसांना बोल लावण्याआधी नियम पाळण्याजोगा आहे का हे तपासणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली.

कार्यालयातील सहकाऱ्यांनी त्यांचा वेगळा निरोप माझ्याकडे दिला आहे. प्रशिक्षण म्हटले की ते शिक्षकांचे, आणि लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांनी खुर्च्या मांडायच्या, ही रीत आपण मोडलीत. वास्तविक विद्यार्थ्यांचे जन्मदिनांक, पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक सर्वांत जास्त हाताळले जातात ते कार्यालयातच. एकदा मुख्याध्यापकांच्या नावाने आलेल्या एका बनावट ईमेलमधील दुव्यावर आमच्या एका लिपिक भगिनींनी क्लिक केले आणि पासवर्डही भरला. पाचच मिनिटांत त्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी आपल्याला फोन केला. आपले पहिले शब्द त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले : ‘लगेच कळवलेत, फार चांगले केलेत.’ खाते तत्काळ बंद करून नवा पासवर्ड देण्यात आला आणि पुढचे नुकसान टळले. त्या दिवशी आपण रागावला असतात, तर पुढच्या वेळी फोन पाच मिनिटांत आला नसता, पाच दिवसांनी आला असता किंवा आलाच नसता.

सगळेच जमले असे लिहिले तर आपल्यालाच ते पटणार नाही. चार वर्गांतील परस्परसंवादी फलक अजूनही केवळ चित्रफिती दाखवण्यासाठी वापरले जातात. दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपली सारी शिकवणी घेऊनही निवृत्तीपर्यंत कागदी गुणपत्रकच वापरले, आणि आपण त्यांच्या मागे लागला नाहीत. भूमितीची सिद्धता खडू-फळ्यावर पायरीपायरीने उलगडलेलीच मुलांना अधिक समजते, हे तर आपण तंत्रसाहाय्य विभागात असूनही भर बैठकीत म्हणालात. यंत्र कुठे वापरू नये हेही आपण सांगता, म्हणून कुठे वापरावे याविषयीच्या आपल्या शब्दाला आमच्याकडे किंमत आहे.

या तीन वर्षांत आपण आम्हाला तक्रार लिहायलाही शिकवलेत. पूर्वी नोंदवहीत ‘संगणक चालत नाही, त्वरित यावे’ असे लिहिले जाई आणि त्याखाली ठसठशीत सही. आता काय केले, पडद्यावर काय दिसले आणि काय अपेक्षित होते, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिल्याशिवाय कोणी वही बंद करीत नाही; गंमत अशी की तिसरे उत्तर लिहिता लिहिता अनेकांना आपली चूक स्वतःच सापडते आणि नोंद खोडून ते निघून जातात. त्या खोडलेल्या नोंदी मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक पानावर एक-दोन तरी आहेत.

हे पत्र मी स्वतः, इनस्क्रिप्टमध्ये, कोणाचीही मदत न घेता टंकले आहे. सर्व शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपला,
नोंदवहीतील नेहमीचा तक्रारदार, मराठी विभाग

ता. क. : काय केले – हे पत्र छापण्यासाठी दुसऱ्या मजल्यावरील प्रिंटरला आज्ञा दिली. काय दिसले – ‘कागद अडकला आहे’ असा संदेश. झाकण उघडून पाहिले, कागद अडकलेला नाही. काय अपेक्षित होते – पत्राच्या दोन प्रती. सवडीने यावे, घाई नाही.