तो अर्ज पुन्हा लिही

नौपाडा, ठाणे

प्रिय मनू,

परवा तू फोनवर जे बोललीस, की सोसायटीला दिलेल्या तुझ्या अर्जावरून सभा बिघडली आणि डॉक्टरांनी जावयांना नसबंदी न करताच परत पाठवलं, त्याचं उत्तर मला फोनवर द्यायचं नव्हतं. तू रडवेली झाली होतीस. मी मध्ये एक शब्द जरी बोलले असते तरी तू म्हणाली असतीस, "आई, तूसुद्धा?" म्हणून लिहिते आहे. घाईत वाचू नकोस.

आधी पक्क्या गोष्टी. तुम्ही दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंत, त्यात मी आणि बाबा तुमच्या बाजूने आहोत, आणि कुणी विचारलं तर तसंच सांगतो. गेल्या महिन्यात तुझ्या मावशीकडच्या डोहाळजेवणात "मनूची गोड बातमी कधी?" हा प्रश्न आला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की तिला मूल नको आहे, तिने ठरवलंय. घरात जरा शांतता पसरली, मग वाढपं सुरू झालं. मला वाईट वाटलं नाही, तूही वाटून घेऊ नकोस. म्हातारपणाची काठी म्हणून आम्ही तुला जन्म दिला नव्हता, तेव्हा तुला तरी ती काठी हवीच असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? फक्त तुमची इच्छापत्रं करा, आरोग्य विमा वाढवा, फ्लॅटचं नामांकन करून ठेवा. मूल नसलेल्या ज्येष्ठांना त्यांची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो, अशी तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. तेही एकदा वकिलाकडून समजून घ्या.

माझी सगळी नोकरी कुटुंब कल्याणाच्या कामात गेली, हे तुला माहीत आहे. वागळे इस्टेटच्या, किसननगरच्या चाळींतून तांबी, निरोध, गोळ्या समजावत फिरणं हे माझं काम. तिथे मी किती बायका पाहिल्या ज्यांना चौथं नको होतं, तिसरंही नको होतं, आणि कुणीच त्यांना विचारलं नव्हतं! नसबंदीच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, हे मी त्यांना परत परत सांगायची. त्यांना खरं वाटायचं नाही. घरी जाऊन विचारून यायच्या आणि मग यायच्याच नाहीत. पुरुषांना पुढे करायचा प्रयत्न मी कधी सोडला नाही, पण देशाचे आकडे बघ. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या जोडप्यांत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. म्हणून जावयांनी स्वतःहून "ऑपरेशन मी करून घेतो" म्हटलं, हे ऐकल्यावर मला त्यांचा किती अभिमान वाटला ते तुला नीट सांगता आलं नाही. त्यांना सांग.

आणि डॉक्टरांनी त्यांना परत का पाठवलं असेल, तेही मला ठाऊक आहे. सरकारी शस्त्रक्रियेचे निकष आम्हाला तोंडपाठ असायचे. लग्न झालेलं असावं, बाईचं वय २२ ते ४९, पुरुषाचं २२ ते ६०, आणि जोडप्याला निदान एक मूल हवं, तेही वर्षाच्या पुढचं. "आता पुरे" म्हणणाऱ्यासाठी त्या कागदावर जागा होती. "मुळीच नको" म्हणणारं माणूस समोर येऊन बसेल, असं तो कागद तयार करणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. खरं तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की मूल होऊ देणं आणि न होऊ देणं, दोन्ही निर्णय घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतात. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, शांतपणे बोला, लेखी संमती द्यायची तयारी ठेवा. गरज पडली तर मी बरोबर येते.

"हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ" असं तुला तुमच्या सोसायटीतल्या काकांनी सुनावलं ना? त्यांना रघुनाथ धोंडो कर्व्यांची आठवण करून दे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. याच मतांपायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला स्वतः बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ दिलं नाही, तेही ठरवून. हा विचार आपल्याच भाषेत वाढलेला आहे, मनू. आणि "सगळ्यांनीच असं ठरवलं तर?" या प्रश्नाचं काय करायचं ते तूच ठरव. २०१९ ते २१ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली, ती तुमच्यामुळे कमी झालेली नाहीत. ज्यांना हवीत त्यांना घरभाडं, शाळेची फी आणि लोकलचा प्रवास परवडत नाही, हे मी रोज बघत आले.

आता अर्जाबद्दल.

तू पाठवलेला अर्ज मी दोनदा वाचला. क्लबहाउसचा वरचा हॉल आणि पोहण्याचा तलाव काही वेळ फक्त प्रौढांसाठी ठेवा, अशी मागणी. ती मला पटते. पण पहिल्याच ओळीत तू लिहिलंयस, "आम्ही चाइल्डफ्री रहिवासी..." तिथेच सभा बिघडली. पुढचं कुणी वाचलंच नाही. ग्रुपवर जे आलं, की मुलं सहन होत नसतील तर जंगलात राहायला जा, ते दुष्टपणाचं होतं आणि लिहिणाऱ्याला लाज वाटायला हवी. पण तुझी मागणी मुलं नसण्याला बांधली गेली की ऐकणाऱ्याला ती आपल्या लेकरांच्या विरोधातली वाटणारच. आणि माझ्या मते त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मूल न होऊ देणं हा तुमच्या दोघांच्या घरातला निर्णय, त्यासाठी सोसायटीचं मत कशाला हवं? निवांत जागा ही मात्र सगळ्यांची गरज आहे, आणि सगळ्यात जास्त ती कुणाची आहे ते तुझ्या लक्षात आलंय का?

तुमच्या सी विंगमधली ती मुलगी, जिच्या हातात मी आले की नेहमी कुणाचं तरी दप्तर असतं. गेल्या वेळी लिफ्टमध्ये मी तिला नाव विचारलं तर म्हणाली, "मी विहानची मम्मी." मी पुन्हा विचारलं, "तुझं नाव गं?" तेव्हा हसली आणि सांगितलं. अख्ख्या खारघरमध्ये, नेरूळमध्ये, इकडे घोडबंदरला, हजारो शिकलेल्या बायका अशा कुणाची तरी मम्मी होऊन फिरतायत. त्यांना रात्री नऊनंतर तासभर जिथे कुणी खाऊ मागणार नाही, जिथे पुस्तक उघडता येईल, नाटकावर, राजकारणावर, स्वतःच्या पगारावर बोलता येईल, अशी जागा तुझ्याइतकीच हवी आहे, तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे. मोठ्यांनी मोठ्यांसारखं भेटायचं ठिकाण आपल्याकडे उरलंच नाही. दारूला वयाची अट आहे, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला १८ ची अट आहे. पण चहा पीत बसायला? साठी उलटली की विरंगुळा केंद्र मिळतं, मी जाते, तिथे फक्त ज्येष्ठ असतात आणि त्यावर कुणीही आक्षेप घेत नाही. तीस ते साठ या वयाच्या माणसांनी कुठे जायचं?

एक विचारू? तुला खरंच मुलांचा त्रास होतो का? तू तर लहानपणी अख्ख्या वाड्यातल्या पोरांना गोष्टी सांगायचीस, आणि आजही दादाची पोर तुझ्याच मांडीत झोपते. मला वाटतं, तुला त्रास होतो तो तलावावर, हॉलमध्ये, लिफ्टमध्ये मुलांच्या आयांनी आणि आज्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा. "अजून नाही?" "डॉक्टरांना दाखवलं का?" ते ऐकून तू थकलीस, आणि आता ज्या जागी मूल नाही तिथे प्रश्नही नसतील असं तुला वाटतं. पण प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या प्रौढ आहेत. त्या तर आत येणारच. त्यांना तोंडावर थांबवणं हे वेगळं काम आहे, आणि ते तू करायला हवंस. मी शिकवते.

गोंगाटाचंही तसंच. ठाण्याहून पनवेल गाडीत बसले की मला मुलांच्या रडण्यापेक्षा मोबाइलवर मोठ्याने रील्स लावणाऱ्या मोठ्या पुरुषांचा जास्त त्रास होतो. मिरवणुकीतले डीजे कुठल्या मुलाने लावलेले असतात? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, आणि ती मोडणारी सगळी मतदानाच्या वयाची असतात. इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासूनची संस्था ती, वाचायला बसणारा माणूस हळू बोलतो, कारण ती जागाच तशी आहे. म्हणून अर्जात वय कमी आणि वागणं जास्त लिही. फोन सायलेंट, स्पीकरवर काही लावायचं नाही, आवाज खाली. हे नियम प्रौढांनाही बांधले की तुझ्या मागणीतला खरेपणा दिसेल.

कायद्याने तुला अडवणारं फारसं काही नाही. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत भेदभाव करू नये असं सांगणाऱ्या घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. पण कायदा अडवत नाही म्हणून सगळंच करावं असं मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियात 'नो किड्स' पाट्या लावायची पद्धत पसरली. तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ मध्ये जेजू बेटावरच्या एका उपाहारगृहाबद्दल सांगितलं की १३ वर्षांखालच्या सगळ्यांना सरसकट बंदी हा भेदभाव आहे, काही मुलं किंवा काही पालक बेफिकीर वागतात म्हणून सगळ्यांना बाहेर ठेवता येत नाही. मला हे पटतं, कारण त्या पाटीपाशी मूल थांबलं की त्याची आईही थांबते. बाप आत जाऊन जेवून येतो.

त्याउलट इंडिगोने २०१६ मध्ये विमानात पहिल्या चार आणि ११ ते १४ या रांगा १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केल्या, शांत रांगा म्हणून. तेव्हा आरडाओरडा झाला, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लेकुरवाळी बाई त्याच विमानात बसते, त्याच वेळेला पोचते. तिचं काहीच हिरावलं जात नाही. तुझी मागणी या धर्तीची असू दे. जागेचा एक भाग, दिवसातला एक वेळ.

आणि बागेला हात लावू नकोस. तुमच्या पोडियमवर सायकल नको, क्रिकेट नको, लॉनवर पळू नका, अशा पाट्या मी वाचल्या आहेत. वन बीएचकेत चार माणसं राहतात, त्या पोरांनी जायचं कुठे? मासुंदा तळ्याच्या काठावर तू रात्री उशिरापर्यंत हुंदडायचीस तेव्हा बाकावर बसलेल्या कुणी तरी तुला सहन केलंच होतं. उघडी सार्वजनिक जागा, तळ्याचा काठ, बाग, मैदान, ही मुलांची आधी.

तेव्हा अर्ज असा कर. "चाइल्डफ्री" काढून टाक. वरचा हॉल रोज रात्री नऊ ते साडेदहा आणि पोहण्याचा तलाव सकाळी सहा ते सात, अठरा वर्षांवरच्या रहिवाशांसाठी. त्याच अर्जात मुलांसाठीही मागणी घाल, संध्याकाळी पाच ते सात हॉल पूर्ण त्यांचा, कुणी गप्प बसवायचं नाही. रात्रीच्या वेळी आयांना येता यावं म्हणून त्या दीड तासात बाबांनी पोरं सांभाळावीत, हे अर्जात लिहिता येणार नाही, पण सभेत उभं राहून बोल. आणि पहिली सही तुझी नको, सी विंगमधल्या त्या मुलीची घे. नाव विचारून घे तिचं.

रविवारी मी येते आहे. कच्चा मसुदा तयार ठेव. काकांच्या घरी आपण दोघी मिळून जाऊ, मला त्यांच्याशी कर्व्यांबद्दल बोलायचंच आहे. जावयांना त्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांग, शक्यतो सोमवारची, म्हणजे मी मुक्कामालाच राहीन.

तुझी,
आई